मिरचीवर ढकललेलं दुखणं

अक्का, तुझ्याच ओट्यावर बसून हे लिहिते आहे. आत बायका बसल्या आहेत. दारावर येणाऱ्यांची रीघ अजून थांबलेली नाही. आपल्या रनाळ्यातल्या तर येऊन गेल्याच, आता आजूबाजूच्या गावांतल्या येतायत. येतात, दारातच हंबरडा फोडतात, वैशूला कवटाळतात, मग गप्प होतात. पाणी पिऊन झालं की हळूच तोच विषय निघतो. तुझ्या डोळ्यांचा.

'उघडाच ऱ्हायनात वं माय. पोरनी वाट देखी ऱ्हायनी व्हती बिचारी.'

आणि ती पोर तिथेच भिंतीला टेकून बसलेली आहे. ऐकते. पुण्याहून आली तेव्हापासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही.

मला इतका राग येतो की उठून एकेकीला दाराबाहेर काढावं. पण सुतकाच्या घरात भांडायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस. म्हणून शाळेची एक जुनी वही घेतली आणि इथे येऊन बसले. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडता येत नसलं की मी तुझ्याशी भांडायची. आता ती सवय कशी जाणार?

वैशू आली तो क्षण मला सांगायचाय तुला. गाडीतून उतरली ती थेट तुझ्यापाशी. रडली नाही. तुझ्या तोंडावरून हात फिरवला, मग डोळ्यांवरून. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबत होत्या. तिनं परत फिरवला. परत तेच. खाली पांढरं दिसत राहिलं. मग तिनं वर बघून विचारलं, 'अशी काबर?' पोरगी इतकी वर्षं पुण्यात बँकेत नोकरी करते, तिथे कसं छान पुस्तकी बोलते, पण त्या वेळी तोंडातून 'का' नाही, घरचं 'काबर'च निघालं.

मी उत्तर द्यायच्या आत पलीकडच्या आळीतली यशोदाबाई बोलून गेली, 'तुन्हीच वाट देखी ऱ्हायनी व्हती बेटा. आते तू उनी ना. आते मिटतीन.'

मिटले नाहीत. वैशू तशीच हात ठेवून बसली. पुरुष माणसं तिरडी घेऊन आत आली तेव्हा कुणीतरी तिचा हात उचलून बाजूला केला. त्या वेळचं तिचं तोंड मी बघितलं, अक्का. आई आपली वाट बघत गेली, आणि आपण येऊनही तिला समजलं नाही, असं ते तोंड होतं.

तुझे डोळे कुणाचीही वाट बघत उघडे नव्हते. ते गेली काही वर्षं मिटतच नव्हते. हे मला माहीत आहे, दाजींना माहीत आहे आणि सुरतच्या डॉक्टरांना. चौथं माणूस नाही. आणि दाजी तर तू गेल्यापासून खाटेवर बसून जमिनीकडे बघतायत, त्यांना चहा घ्या म्हटलं तरी ऐकू जात नाही. म्हणजे राहिले मी. आणि माझ्याकडून तू वचन घेऊन ठेवलंस, की वैशूला कधी सांगायचं नाही.

आपण आधी बहिणी, मग जावा. तुला या घरात देऊन काही वर्षं झाल्यावर तुझ्या धाकट्या दिरासाठी मला मागणी आली, तेव्हा माहेरी येऊन तू बाबांना म्हणाली होतीस, 'तिले आठे देऊ नका. ती मन्हं काही ऐकस नही.' बाबांनी तुझं ऐकलं नाही. मी या घरात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि तू शेत, घर, मिरचीची पथारी आणि, तुझा दीर लवकर गेल्यावर, मलाही सांभाळत राहिलीस. तुझं एक वाक्य ठरलेलं होतं. मी काही सुचवलं की म्हणायचीस, 'शकू, तू मास्तरीण शे ते शाळामा.'

तुझं दुखणं आधी मला दिसलं, ते एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. वैशू माहेरपणाला आली होती. तू पुरणपोळी करायला बसलीस. खापरावरची पोळी हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची तर तुझ्यासारखी गावात कुणाची होत नव्हती. त्या दिवशी पोळी फाटली. दुसरी घेतलीस, तीही फाटली. तुझे हात थरथरत होते. तू पिठाला नावं ठेवलीस, मग दळणाला, मग दळणवाल्याला. मी मग तुझ्याकडे नीट बघायला लागले. तू दोन माणसांचं जेवत होतीस आणि वाळत चालली होतीस. थंडीतही पंखा लागायचा. जरा काही झालं की अंगावर यायचीस. दाजी म्हणायचे, 'दिनभर धावधाव करस म्हनीसन सुकी गयी.' बायका तर उलट कौतुक करत होत्या, की कशी शेलाटी झाली या वयात!

गळ्यातली थायरॉईडची गाठ, म्हणजे ग्रंथी, जास्त काम करतेय असं नंदुरबारला कळलं. गोळ्या सुरू झाल्या. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. गोळ्या थांबवल्या आणि सगळं परत आलं, या वेळी छातीत धडधड घेऊन. नाडी धावायची, मध्येच चुकायची. जिना चढताना तू अर्ध्यात बसायचीस आणि विचारलं तर सांगायचीस की पायातलं जोडवं नीट करतेय. त्याच गोळ्या पुन्हा दिल्या तर त्या सोसल्या नाहीत, अंगावर पुरळ उठलं. शेवटी नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतला पाठवलं. वैशू पुण्याहून रजा काढून आली.

सुरतच्या त्या खोलीतलं सगळं मला आठवतंय. डॉक्टर अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलत होते, पण समजावून सांगत होते. दोन वाटा आहेत म्हणाले. ऑपरेशन करून गाठ काढायची, नाहीतर किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी गिळायची. ती गोळी गाठीपर्यंत पोचते आणि आतूनच तिला थंड करते. मग गाठ इतकी थंड पडेल की आयुष्यभर रोज थायरॉईडची गोळी घ्यावी लागेल, आणि वेळच्या वेळी रक्त तपासावं लागेल. आणि एक गोष्ट त्यांनी परत परत सांगितली. हे औषध घेतल्यावर काही जणांच्या डोळ्यांना त्रास होतो. डोळे सुजतात, लाल होतात, पुढे येतात, कधी एकाचे दोन दिसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. 'आप तो नहीं पीते?' असं त्यांनी तुला विचारलं आणि बिडी ओढणारे दाजी छताकडे बघायला लागले. तुझे डोळे तेव्हा चांगले होते. म्हणजे धोका कमी, पण नाहीच असं नाही. काही वाटलं तर लगेच यायचं, थांबायचं नाही.

मी म्हटलं, ऑपरेशन कर. डोळ्यांची भानगड नको. वैशूनं घरी सगळं वाचून ठेवलं होतं. ती म्हणाली, 'आई, तुन्हं काळीज आधीच थकेल शे. मान काबर कापानी? एक गोयी गियानी शे फक्त.' तू एकदा तिच्याकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता ते मास्तरणीचं वाक्य येणार. तू वैशूचा हात हातात घेतलास. झालं. ठरलं.

गोळी घेऊन आलीस तेव्हा काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं होतं. वैशूचा मुलगा तेव्हा रांगत होता. तिला तू परस्पर पुण्याला पाठवलंस आणि मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन राहिलीस. मी डबा बांधावर ठेवून लांब उभी राहायची. तू तिकडून ओरडायचीस, 'इतली लांब काबर उभी? मी काय इजा सोडी ऱ्हायनी का?' मी म्हणायची, विजा नाही, किरणं, डॉक्टरांनी सांगितलंय. खरं तर मीच जास्त घाबरले होते. त्या दिवसांत तू खूप हसायचीस. एवढा मोठा आराम तुला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाला होता.

नाडी शांत झाली. हात थरथरायचे थांबले. तुझ्या अंगावर जरा मांस आलं. आणि मग मिरची आली.

नंदुरबारच्या लोकांना सांगायला नको, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. हंगामात आपल्या मळ्याच्या कडेच्या पथारीवर सगळी जमीन लाल होते. ओली मिरची पसरायची, उलटायची, पाखडायची, देठं खुडायची. वारा फिरला की सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. कामाला येणाऱ्या बायका डोक्यापासून तोंडापर्यंत फडकी गुंडाळून येतात, तरी संध्याकाळी सगळ्यांचे डोळे लालच. दुसऱ्या गावात कुणाचे डोळे लाल दिसले तर लोक विचारतात काय झालं. आपल्याकडे हंगामात कुणाचे डोळे पांढरे दिसले तर विचारतात, कामाला नाही आलीस का?

म्हणून तुझे लाल झाले तेव्हा कुणी विचारलं नाही. तुझ्या पापण्या सकाळी सुजलेल्या असायच्या. डोळ्यांत खडे गेल्यासारखं वाटायचं. तू दुधाच्या घड्या ठेवल्यास. दाजींनी घरचं तूप सुचवलं. यशोदाबाईनं कुणाचं तरी नाव सांगितलं, जो जिभेनं डोळ्यातला कचरा काढतो. त्यांच्यापैकी कुणीही वेडं नव्हतं, अक्का. सगळ्यांचे डोळे खरोखरच मिरचीनं लाल होते. त्या सगळ्यांत एकटीचे वेगळ्या कारणानं लाल आहेत हे ओळखणार कोण?

रक्त तपासायची वेळ हंगामातच येत होती. 'माल ओला शे. आते कशी जाऊ?' म्हणालीस. पुढच्या महिन्यात म्हणालीस, आता भाव चांगला आहे. वैशू मात्र फोनवर न चुकता विचारायची. डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यात बसलेलं होतं. 'आई, डोया कशा शेतस?' तू म्हणायचीस, 'मिरची शे व, दुसरं काय? हंगाम सरना म्हनजे बरं वाटी.' तेव्हा तू खोटं बोलत नव्हतीस. तुला खरंच तसं वाटत होतं.

हंगाम सरला. पोती गेली. पथारीची जमीन परत मातीच्या रंगाची झाली. कामावरच्या बायकांचे डोळे निवळले. तुझे निवळले नाहीत. एका सकाळी तू मला चहा ओतत होतीस आणि मी बघत होते, की चहा कपात पडत नाहीये, कपाच्या शेजारी पडतोय, आणि तू ओततेच आहेस. तुला दोन कप दिसत होते. तू चुकीचा निवडला होतास. गरम चहा माझ्या मांडीवर आला तरी मी हलले नाही. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं. पहिलं वाक्य काय बोललीस? 'वैशूले सांगू नको.'

सुरतला डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस काय केलंत. दाजी म्हणाले, 'साहेब, आम्हले मिरची वाटनी.' डॉक्टर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. मिरचीच्या गावची माणसं त्यांना नवी नव्हती बहुतेक. ते म्हणाले, डोळ्यांमागचे स्नायू सुजलेत. गाठ पार थंड पडली होती आणि रक्त तपासलं नाही म्हणून रोजची गोळी वेळेवर सुरू झाली नाही, त्यानंही डोळ्यांचं बिघडतं. मी सरळ विचारलं, हे त्या औषधानं झालं का? ते म्हणाले, त्यानं झालं असेल, वाढलं असेल, कदाचित औषध न घेताही झालं असतं. या आजारात डोळे असेही धरतात. नक्की कुणी सांगू शकणार नाही. मला तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. आता वाटतं, खरं बोलणारा माणूस होता.

मग आपल्या सुरतच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला सलाईनमधून औषध. काळा चष्मा लावून तू गाडीत खिडकीशी बसायचीस, नवापूरच्या पुढे डोंगर लागले की विचारायचीस की हिरवं झालंय का. वैशूला काय सांगायचं, तर माझा गुडघा दुखतो आणि तू मला सोबत म्हणून येतेस! माझ्या धडधाकट गुडघ्याला तू असं दुखणं लावून दिलंस. वैशू अजूनही फोन केला की आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करते. मला मलम पाठवते. कपाटात चार नळ्या पडल्या आहेत, जशाच्या तशा.

नजर वाचली. एकाचे दोन दिसणं बरंच कमी झालं, उरलेलं चष्म्यानं सावरलं. पण डोळे पुढे आले ते आलेच. वरच्या पापण्या ओढल्या गेल्या. तुझं तोंडच बदललं, अक्का. तू कायम दचकल्यासारखी, नाहीतर कुणावर तरी भडकल्यासारखी दिसायला लागलीस. आयुष्यभर जी बाई बाहेर कुणाला उलट बोलली नाही, तिच्याबद्दल एका लग्नात मी माझ्या कानांनी ऐकलं, 'कशी डोया वटारीसन देखस ती!' तूही ऐकलंस. त्यानंतर तू लग्नात जाणं सोडलंस. कुणी बोलवायला आलं की तुझी कंबर धरायची. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि ते मी तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की मला काय झालंय, तुलाच वाईट वाटतंय.

वैशूपासून लपवायला तू काय वापरलंस? तीच मिरची. जी चूक आपण सगळ्यांनी मिळून केली होती, तिचंच तू पांघरूण केलंस. ती दिवाळीला आली की 'आताच पथारीवरून उनू.' व्हिडिओवर बोलताना कायम चष्मा. डोळे मोठे दिसतायत म्हणाली तर, 'ते ते पहिलेपासूनच व्हतात, आते मी बारीक झाले म्हनीसन दिखतस.' आणि दुपारी पडायचं तर डोळ्यांवर ओली घडी. गारवा लागतो म्हणायचीस. त्या घडीखाली डोळे उघडे असायचे हे तिला कळलंच नाही.

मला कळलं होतं. लिंबाखाली खाटेवर तू पडली होतीस आणि मी शेजारी बसून आमच्या मुख्याध्यापकांची गाऱ्हाणी सांगत होते. बराच वेळ. तू एकटक माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आज अक्का किती मन लावून ऐकतेय, एकदाही मध्ये बोलली नाही. आणि तू घोरलीस. मी आधी दचकले, मग इतकी हसले की तू जागी झालीस आणि विचारलंस, कोन मरनं? डॉक्टरांनी रात्री मलम घालून पापण्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितली होती, नाहीतर बुबुळ सुकतं. ती पट्टी दाजी लावायचे. ज्या माणसानं कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या घेतला नाही, तो रोज तुझे डोळे मिटवून द्यायचा.

मी विचारलं होतं, की का लपवतेस? वैशू काही परकी नाही. तू म्हणालीस, 'तिनी हट करा म्हनीसन मी गोयी लिधी, असं तिले जनमभर वाटी. मन्हा डोयासनं काय, आज शेतस, सकाय नही. पोरना जीवले लागी जाई.' मग माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास. बहिणीच्या डोक्याची शपथ! मी चिडले होते. तू म्हणालीस, 'त्या गोयीनीच मन्हं काळीज वाचाडं. नातूले शाळामा जाताना देखं मी.' मी म्हटलं, आणि डोळे? 'डोया मिरचीनी लिधात,' म्हणालीस आणि हसलीस.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. पापण्यांचं ऑपरेशन होतं, छोटंसं. पापण्या सैल करून देतात, डोळे मिटतात. मी वर्षभर मागे लागले होते. तू म्हणायचीस, आता कुणाला दाखवायचंय? मी म्हणायची, दाखवायला नाही, झोपायला. तुझं म्हणणं, दाजी पट्टी लावतात ना. मी रागावून चार दिवस बोलले नव्हते. तू पाचव्या दिवशी भाकरीवर मिरचीचा ठेचा पाठवलास, एवढा तिखट की मला ओरडत यावंच लागलं. ते भांडण मी जिंकणार होते, अक्का. मला थोडा वेळ हवा होता.

आता त्या दुपारचं लिहिते. मी शाळेतून आले होते. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस, सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणालीस. मी म्हटलं, चल, नंदुरबारला जाऊ. तू म्हणालीस, 'शकू, दूध देख, उतू जाई.' मी वळले, गॅस बारीक केला आणि शेगडीकडे तोंड करूनच तुला बोलत राहिले, की दाजींना गाडी काढायला सांगते, ही टाळाटाळ चालणार नाही, आणि आणखी काय काय. वळून बघितलं तर तू माझ्याकडेच बघत होतीस. मला वाटलं, डुलकी लागली. लागायचीच ना तुला अशी. मी साखरेचा डबा जागेवर ठेवला, ओटा पुसला, आणि तुझ्याशी बोलतच राहिले. मग लक्षात आलं की श्वासाचा आवाज नाही.

दुसऱ्या कुणाचे डोळे असते तर मला लगेच कळलं असतं.

एवढं लिहून मघाशी मी वही मिटली आणि आत गेले. आता परत आले आहे. ऊन कललंय. अक्का, मी तुझं वचन मोडलं.

आत यशोदाबाई पुन्हा तेच सांगत होती, या वेळी तळोद्याहून आलेल्या कुणाला तरी. 'वाट देखता देखता गयी.' वैशूनं डोकं गुडघ्यांत घातलं होतं. मी तिचा हात धरून उठवलं आणि मागच्या दारी नेलं. मला कसं सुरू करावं कळेना. मी म्हटलं, 'वैशू, मन्हा गुडघा कधीच दुखत नव्हता.' मग मी सगळं सांगितलं. चहा, सुरत, सलाईन, ओल्या घडीखालचे डोळे, दाजींची चिकटपट्टी. तुझे डोळे कितीतरी वर्षं मिटत नव्हते हे सांगितलं, आणि तू ते का लपवलंस हेही. अर्धं सांगून भागलं नसतं. डॉक्टर काय म्हणाले तेही जसंच्या तसं सांगितलं. औषधानं असेल, न तपासलेल्या रक्तानं असेल, आजारानंच असेल. आणि तुझं काळजाबद्दलचं वाक्य तुझ्याच शब्दांत सांगितलं.

मला भीती होती की पोरगी कोसळेल. ती कोसळली नाही. तू तिला कच्ची समजत आलीस, ती तेवढी कच्ची नाही. तिनं विचारलं, दुखायचं का? मी म्हटलं, खुपायचं. दिसत होतं का शेवटपर्यंत? म्हटलं, चष्म्यानं दिसायचं, सुईत दोरा ओवायची. तिनं डोळे पुसले. म्हणाली, 'मी फोनवर विचारे ना मावशी, दर बारीले विचारे.' मी म्हटलं, विचारायचीस. तुझ्या आईनंच सांगितलं नाही. त्यात तुझा काही दोष नाही.

तिच्या खांद्यावरचा भार जरा हलका झालेला मला दिसत होता. मला बरं वाटलं. माझं मन म्हणत होतं की अक्का, बघ, सांगायलाच हवं होतं.

आणि मग तिनं मान वर केली आणि अगदी लहान पोरीच्या आवाजात विचारलं, 'म्हनजे मन्ही वाट नही देखी तिनी?'

अक्का, तेव्हा मला कळलं. मी तिच्या डोक्यावरचा दोष काढला आणि त्याच्याबरोबर तेवढी एक गोष्टही काढून घेतली. आईची नजर आपल्यासाठी उघडी होती, एवढंच तिच्याकडे उरलं होतं, आणि मी शहाणपणा करून तेही पापण्यांच्या दुखण्यात जमा केलं. मला दुधाचं आठवलं. तुझं शेवटचं वाक्य दुधाबद्दल होतं, वैशूबद्दल नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण मला हेही आठवलं, की दुपारची एसटी गावात आली की तू हातातलं काम टाकून ओट्यावर यायचीस. दिवाळीला महिने असायचे. आखाजी होऊन गेलेली असायची. वैशू येणार नाही हे तुला माहीत असायचं. तरी गाडीतून उतरणारं शेवटचं माणूस वळणाआड जाईपर्यंत तू उभी राहायचीस, आणि मी विचारलं तर म्हणायचीस, वारा घेतेय.

मी वैशूला जवळ ओढलं. तिचं डोकं माझ्या छातीशी घेतलं. 'देखी ऱ्हायनी व्हती वं माय,' मी म्हटलं, 'शेवटलोंग देखी ऱ्हायनी व्हती.'

मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा. आतल्या बायका धावत मागच्या दारी आल्या.

ज्या वाक्यासाठी मी त्या बायकांवर दोन दिवस दात खात होते, तेच मी माझ्या तोंडानं तुझ्या लेकीला सांगितलं, आणि सांगताना मला एकदाही वाटलं नाही की मी खोटं बोलतेय.